डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: सहा माणसं, पाच रात्री आणि एक गुरुवारचा उपास

केतकी_ह्यूस्टन
मंडळी, मदत हवीये. मे अखेरीस ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला चाललोय, रविवार ते शुक्रवार, पाच रात्री. आम्ही दोघं, मोठा ११ चा, धाकटी ७ ची आणि सासूसासरे, जे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. नवरा सगळं खातो आणि बिअरवाला आहे, मी चिकन-मासे खाते पण भूक चिमणीची, मुलांचं तुम्हाला माहीतच आहे, मागवतील ढीगभर आणि खातील दोन घास. आईबाबा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. त्यात आईंचा गुरुवार असतो. डिस्नेच्याच आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलात सहा जण मावतात असा फॅमिली स्वीट बघून ठेवलाय, पूर्ण पैसे अजून भरलेले नाहीत.

तर प्रश्न असा की २०२० मध्ये बंद झालेला तो डायनिंग प्लॅन (म्हणजे हॉटेलाच्या बुकिंगबरोबरच जेवणाचे पैसे आधी भरून टाकायचे) यंदा, २०२४ मध्ये, ९ जानेवारीपासून परत सुरू झालाय आणि नवरा त्यावर एकदम फिदा आहे, म्हणतो एकदा पैसे भरले की तिथे जाऊन डोक्याला ताप नाही, मेनूची उजवी बाजू बघायचीच नाही. मला मात्र आधी पैसे भरायचे आणि मग ते वसूल करायला खात सुटायचं ह्याचीच धास्ती वाटतेय. कोणी घेतलाय का इथे? शाकाहारी मोठी माणसं बरोबर असताना?

चकली
रुमाल टाकून ठेवतेय. आम्हीपण जायचंय.

हिशेबनीस
केतकी, आम्ही फेब्रुवारीत जाऊन आलो, आकडे ताजे आहेत, २०२४ चे.

दोन प्लॅन आहेत. क्विक सर्व्हिस म्हणजे काउंटरवरून ट्रे घेऊन बसायचं ते. माणशी, रात्रीमागे, दोन जेवणं आणि एक स्नॅक, आणि सगळ्या मुक्कामात मिळून एक रिफिलचा मग, म्हणजे हॉटेलात पेय परत परत भरून घ्यायचा पेला. मोठ्याला रात्रीचे ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलाला २३.८३. दुसऱ्यात एक काउंटरवरचं जेवण, एक टेबलावर बसून वेटर आणून देतो ते जेवण, एक स्नॅक आणि तोच पेयाचा मग. मोठ्याला ९४.२८, मुलाला २९.६९. हिशेब रात्रींचा आहे, दिवसांचा नाही. तुम्ही रविवार ते शुक्रवार सहा दिवस जेवणार पण क्रेडिटं, म्हणजे आधी पैसे भरलेली जेवणं आणि स्नॅक, पाचांचीच. सगळी क्रेडिटं सुरुवातीलाच खात्यात पडतात, एका दिवशी चार वापरा नाहीतर शून्य, पण चेकआउटच्या दिवशी मध्यरात्रीनंतर उरलेली बुडाली.

आता तुझा मोठा. दहा पूर्ण झाली की डिस्नेच्या लेखी तो बाप्या. म्हणजे २९ चे डायरेक्ट ९४. :फिदी:

तुमचे पाच मोठे आणि एक लहान धरले तर पाच रात्रींचे टेबलवाल्या प्लॅनचे २५०५.४५ डॉलर, क्विकवाल्याचे १५४४.४०. आणि ह्यात टिप नाही हां. टेबलावर बसलात की टिप वेगळी, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के बिलात आपोआप लागते. तुम्ही बरोब्बर सहा.

केतकी_ह्यूस्टन
अडीच हजार??? एवढ्यात सांगलीला एक बारसं होतं.

भाकरीप्रेमी
आकडा बघून घाबरू नका ओ ताई. आम्ही दोघं नवरा-बायको आणि मित्र अशी मोठी माणसं गेलो होतो, आम्हाला प्लॅन पुरून उरला. का, तर २१ वर्षांवरच्यांना जेवणासोबत जे पेय असतं त्यात बिअर, वाइन, कॉकटेल चालतं. काउंटरवर बार्बेक्यूची थाळी घेतली, सोबत बिअर, झाले की पंचवीस-तीस डॉलर एका क्रेडिटमध्ये. मेनूत सगळ्यात महाग काय ते हुडकायचं आणि तेच घ्यायचं, विषय संपला. फक्त मॅजिक किंगडम पार्कमध्ये काउंटरवर दारू मिळत नाही, तिथे टेबलावरच बसावं लागतं, त्यामुळे तिथली क्विक क्रेडिटं वाचवून एपकॉट ह्या दुसऱ्या पार्कात उडवायची.

हिशेबनीस
हेच तर. तुमचं वसूल झालं कारण तुम्ही त्यांना अपेक्षित असलेलं गिऱ्हाईक नाही. शाकाहारी माणूस काउंटरवर भाताचा नाहीतर टोफूचा बोल (वाडगा) घेणार तेरा ते पंधरा डॉलरचा, सोबत कोल्ड्रिंक पाचाच्या आत. असे दोन, म्हणजे चाळीसच्या आत. एक स्नॅक सहा-सातचा. मगचे वीस-बावीस डॉलर पाच रात्रींत वाटले तर रोजचे चार. बेरीज पन्नासच्या आसपासच राहते आणि भरलेत ५७. केतकीच्या सासूबाई दिवसाला दोन बोल आणि एक आइस्क्रीम सक्तीने संपवतील तेव्हाही तोटाच. आणि गुरुवारी काय करणार?

गोदाकाठ
शाकाहाराचं मी सांगते, आम्ही माझ्या आईला घेऊन गेलो होतो नाशिकहून.

उपाशी राहायची वेळ येत नाही. मेनूवर हिरव्या पानाची खूण असते, म्हणजे पूर्ण वनस्पतीजन्य, दूधही नाही. ॲनिमल किंगडम पार्कमध्ये पँडोराच्या भागात सातुली कँटीन आहे, तिथे आपलं आपण जोडायचे बोल असतात, खाली भात, वर मसाल्याचं टोफू, आईला ते पनीरच वाटलं आणि आम्ही तिचा गैरसमज दूर केला नाही. टेबलावर बसलात की आधीच सांगायचं कांदा-लसूण नको, अंडं नको, बऱ्याच ठिकाणी शेफ स्वतः येऊन बोलतो. पण ऐनवेळी काउंटरवर गर्दीत हे जमत नाही. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच नगेट्स तळलेत का ते विचारा, सूपला चिकनचं पाणी आहे का विचारा. मिकीच्या तोंडाच्या वॉफलमध्ये अंडं असतं, बाबा हौसेने घेतील आणि मग कळेल. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, पार्कच्या बाहेरचं होतं) आम्हाला बीन्सचा बरिटो म्हणून दिला आणि आत मटणाचा खिमा, आई दोन दिवस नुसत्या केळ्यांवर राहिली.

साना नावाच्या रेस्टॉरंटला मात्र नक्की न्या. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये आहे. नान, कांदा कुल्चा, पनीर पराठा अशा रोट्यांतून निवडायचं आणि सोबत वाट्या येतात, रायता, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं आणि बाकी बऱ्याच. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आई म्हणाली पंगतीत एवढं मोठं जनावर पहिल्यांदाच बघितलं.

पण ही ब्रेड सर्व्हिस मेनूत स्टार्टरमध्ये येते. प्लॅनच्या टेबल क्रेडिटात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय एवढंच धरतात, स्टार्टर नाही. म्हणजे आपल्या माणसांना जे हवंय नेमकं त्याचे पैसे वेगळे भरायचे.

मि_पुणेकर
एवढ्या लांब जाऊन नान खायचा. चालू द्या.

गोदाकाठ
@मि_पुणेकर, सत्तर वर्षांच्या बाईला चौथ्या दिवशी बर्गरची पोळी दाखवून बघा, मग बोला.

रानफूल
सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिलीच नाही. प्लॅन खोलीला लागतो. एका खोलीत राहणारे ३ वर्षांवरचे सगळे, झाडून सगळे, त्यांना घ्यावाच लागतो. तू म्हणशील मी नवऱ्याला घेते आणि आईबाबांना नको तर एका स्वीटमध्ये ते होणार नाही. तीनच्या आतलं पोर असेल तर ते मोठ्यांच्या ताटातलं खातं, त्याला नाही लागत.

पण! दोन वेगळ्या खोल्या घेतल्या तर एका खोलीला प्लॅन आणि दुसरीला नाही असं करता येतं. तुझ्या हॉटेलच्या तळ्यापलीकडे पॉप सेंच्युरी आहे, साध्या खोल्या, चार जणांच्या. दोघांचा स्कायलायनर म्हणजे तो हवेतला पाळणा एकच आहे, एपकॉटला आणि हॉलिवूड स्टुडिओला तिथूनच जातो. दोन साध्या खोल्या बऱ्याचदा त्या स्वीटपेक्षा स्वस्तही पडतात. बघ.

केतकी_ह्यूस्टन
अगं हे मला माहीतच नव्हतं. स्वीट घेण्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात मायक्रोवेव्ह आणि दोन बाथरूम आहेत, आईंना सकाळी खिचडी गरम करून देता येईल म्हणून.

रानफूल
पॉप सेंच्युरीच्या खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टात आहे. सकाळी खिचडीचा डबा घेऊन खाली जायचं. बाबांना तेवढाच व्यायाम.

आणि पार्कमध्ये आपलं खाणं न्यायला पूर्ण परवानगी आहे. आपल्याकडे वॉटर पार्कला पिशव्या उघडून बिस्किटंसुद्धा काढून घेतात त्या सवयीने आम्ही पहिल्या दिवशी थेपले जॅकेटच्या आत लपवून नेले होते. :हाहा: काही गरज नाही. फक्त काचेचं चालत नाही, त्यामुळे लोणचं बरणीतून नको, प्लास्टिकच्या डबीत. सुटा बर्फ पण नको. आणि पाणी विकत घेऊ नका, कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. मे महिन्यातल्या फ्लोरिडात दिवसाला माणशी सात-आठ ग्लास लागतात.

सिएटलची_मावशी
मुलांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे हे सांगायला आले. मिकी, गूफी वगैरे टेबलापाशी येऊन भेटतात ती जेवणं, शेफ मिकीज सारखी, तिथे रात्रीच्या बुफेला लहान मुलाचेच चाळीसच्या वर जातात. आणि प्लॅनमध्ये मुलाचा अख्खा दिवस तीसच्या आत. म्हणजे एका बुफेत दिवस वसूल, वर दुपारचं जेवण, आइस्क्रीम आणि पेयाचा मग फुकट. सात वर्षांच्या मुलीसाठी ह्याहून चांगला सौदा नाही. पण ती एकटी थोडीच घेऊ शकते, खोलीतल्या मोठ्यांनाही घ्यावा लागतो, तिथेच त्यांनी आपल्याला पकडलंय.

आणि एक, सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण किंवा कॅलिफोर्निया ग्रिल अशा भारी जागांना दोन-दोन टेबल क्रेडिटं जातात.

बर्लिनकर
थोडं अवांतर. आम्ही पॅरिसच्या डिस्नेलँडला गेलो होतो, तिथेही हॉटेलवाल्यांना मील प्लॅन मिळतो, हाफ बोर्ड किंवा फुल बोर्ड. तिथे मूल म्हणजे ३ ते ११ वर्षं. केतकीताई, तुमचा मोठा अटलांटिक ओलांडला की परत लहान होईल.

मि_पुणेकर
एपकॉट म्हणून जे आहे त्यात अकरा देशांचे मंडप. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. १९८२ पासून उघडलंय, अजून भारताचा नाही. मिसळीचा एक स्टॉल टाकला असता तर ह्या धाग्याची गरजच पडली नसती.

भाकरीप्रेमी
भारत ॲनिमल किंगडममध्ये हाय की ओ. आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य बनवलंय, भिंतीवर पोस्टर, रंग उडालेली घरं, सगळं आपल्यागत. मित्र चहा शोधत होता तर खरंच 'रॉयल आनंदपूर टी कंपनी' असा स्टॉल निघाला. चहा गोडमिट्ट. पण दोन तासांनी चहा दिसल्यावर माणूस तक्रार करत नाही.

केतकी_ह्यूस्टन
सगळ्यांना खूप धन्यवाद. काल रात्री घरात गोलमेज परिषद झाली. नवऱ्याला अजूनही प्लॅन हवाच आहे, त्याचं म्हणणं पैसे वाचवायला नाही तर शांततेसाठी घ्यायचा, नाहीतर मी प्रत्येक बर्गरची किंमत रुपयात सांगते. (सांगते. त्याला इलाज नाही.) बाबा म्हणाले आमच्यासाठी एक पैसा भरू नका, आम्ही काय खायला आलोय का, नातवंडांना बघायला आलोय. आईंनी सरळ विचारलं, प्लॅन घेतला आणि मी नाही खाल्लं तर पैसे परत देतात का? नाही म्हटल्यावर विषय संपला.

तर स्वीट रद्द. पॉप सेंच्युरीला दोन खोल्या. एकीत आम्ही दोघं आणि धाकटी, टेबलवाला प्लॅन. दुसरीत आईबाबा आणि मोठा, प्लॅन नाही. मोठा लगेच खूश कारण आजोबा रात्री त्याला टीव्ही बघू देतात.

हिशेबनीस
तीन जणांचे १०९१.२५. आणि दुसऱ्या खोलीचे वाचलेले १४१४.२०. ह्या वाचलेल्यात तिघांना जेवण घाल आणि पावत्या ठेव, परत आल्यावर हिशेब लावू.

आणि टेबलं आत्ताच बुक कर. प्लॅन असला म्हणजे जागा मिळते असं नाही, हा लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. ६० दिवस आधी पहाटे ६ ला, ईस्टर्न वेळेने, डिस्नेच्या ॲपवर बुकिंग उघडतं, तुमच्याकडे तेव्हा पाच. हॉटेलात राहणाऱ्यांना चेकइनच्या ६० दिवस आधी सगळ्या मुक्कामाची टेबलं एकदम धरता येतात. नको झालं तर दोन तास आधीपर्यंत रद्द करा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर लावतात.

चकली
पहाटे पाचला उठून जेवणाची जागा धरायची?? सुट्टी आहे का बारावीचं वर्ष?

केतकी_ह्यूस्टन
उठले. पाचला दहा कमी असताना नवऱ्याला पण उठवलं, दोन फोन घेऊन बसलो. ओहाना, शेफ मिकीजचा नाश्ता, जर्मनीतलं बीअरगार्टन, साना, आणि हॉलिवूड स्टुडिओतलं फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे. पाच रात्री, पाच टेबलं. आता परत झोप येत नाहीये.

रानफूल
प्राइम टाइमला जाताय? मग आधीच सांगत नाही काही. परत येऊन लिही.

सिएटलची_मावशी
शेवटच्या दिवशी स्नॅक क्रेडिटं उरली तर फूड कोर्टात राइस क्रिस्पी ट्रीटची पाकिटं मिळतात, टिकतात छान, विमानात न्यायला बरी. आम्ही आठ आणली होती.

गोदाकाठ
मावशी, थांबा, त्यात मार्शमेलो असतो आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. केतकीच्या आईबाबांना नका देऊ.

सिएटलची_मावशी
अगं बाई. बारा वर्षं मी सगळ्या हळदीकुंकवाला मुलांना तेच वाटतेय.

मि_पुणेकर
:हाहा: :हाहा:

---

केतकी_ह्यूस्टन
आलो परत! जूनचा पहिला आठवडा कपडे धुण्यात गेला, आत्ता लिहायला बसतेय, लांबलचक होईल.

पहिल्या दिवशी सामान टाकून थेट पॉलिनेशियन हॉटेलातल्या ओहानाला. मोठी ताटं टेबलावर येतात आणि सगळ्यांनी वाटून खायचं, संपलं की परत आणतात. नवरा स्वर्गात. आईबाबा खोलीत दहीभात खाऊन झोपले होते, प्रवासाने दमलेले. मोठ्याचं तोंड एवढंसं झालं म्हणून त्याला पैसे भरून नेलं, आणि मग प्रत्येक बुफेला तेच झालं, बहिणीला मिकी भेटणार आणि मला नाही म्हणजे काय. ते पैसे हिशेबात धरलेच नव्हते.

मंगळवारी एपकॉटात मी पहिल्यांदा हरले. दुपारी काउंटरवर जेवलो कारण क्विक क्रेडिट होतं, मग चारला स्नॅक कारण स्नॅकचं क्रेडिट होतं, मग साडेसहाला बीअरगार्टनचा जर्मन बुफे. स्टेजवर बँड वाजतोय, लोक नाचतायत आणि मी बटाट्याच्या सॅलडकडे बघून मनात म्हणतेय, नको रे बाबा. माझ्या एका जेवणात दोन दिवस निघतात हे मला चाळीस वर्षं माहितीय, तरी मी ते प्लॅनचं खात होते. नवरा मात्र तिसऱ्यांदा उठला. त्याच वेळी बाहेर आईबाबा बाकावर बसून थेपला आणि डबीतलं लोणचं खात होते, समोर तळं, वारा, आणि एक अमेरिकन म्हातारी त्यांच्याकडून एक थेपला घेऊन खात होती. त्यांची दोन तास मैत्री झाली, भाषा कुठली वापरली ते कोणालाच माहीत नाही.

बुधवारी साना. गोदाकाठ, तुझे पाय धरायला हवेत. आईबाबांनी दोघांत मिळून रोट्या घेतल्या, सगळ्या वाट्या पुसून खाल्ल्या. लसणाचं लोणचं बाबांनी परत मागितलं. आम्ही प्लॅनवाले शिस्तीत मुख्य पदार्थ-गोड-पेय खात बसलो आणि डोळे त्यांच्या ताटावर. शेवटी एक ब्रेड सर्व्हिस आम्हीपण पैसे भरून घेतलीच.

एक टीप लिहून ठेवा, आपल्या हॉटेलातून त्या हॉटेलात थेट बस नाही. आधी ॲनिमल किंगडम पार्कला जायचं आणि तिथून दुसरी बस. पार्कात दिवस घालवून तिथूनच जा, आम्ही तसंच केलं म्हणून वाचलो.

गुरुवार. आईंचा उपास. सकाळी खोलीत शेंगदाणा लाडू आणि केळं, दुपारी फळांचा कप, आणि बाबांनी कुठूनतरी साधा भाजलेला बटाटा शोधून आणला, कसा ते विचारू नका. रात्री प्राइम टाइम कॅफे. तर रानफूलने जे सांगितलं नव्हतं ते असं की तिथे १९५० च्या काळातलं घर केलंय, जुने टीव्ही, किचनचे ओटे, आणि वाढणाऱ्या बायका म्हणजे तुमच्या घरातल्या आत्या-मावश्या. कोपर टेबलावर ठेवलं की ओरडतात. ताटातली भाजी संपवली नाही तर सगळ्यांसमोर उभं करतात. नवऱ्याने फरसबी बाजूला सारून ठेवली होती, ती बाई आली, काटा उचलला आणि 'उघड तोंड' म्हणून त्याला भरवायला लागली. एवढा सहा फुटी माणूस, बीअर हातात, आणि फरसबी खातोय. आई उपाशी बसल्या होत्या पण इतकं हसल्या की डोळ्यातून पाणी. म्हणाल्या वीस वर्षं मी हेच करत होते, मला कोणी टिप नाही दिली. टिपेवरून, सहा जण होतो म्हणून १८ टक्के आपोआप लागले, हिशेबनीस म्हणालेच होते.

शुक्रवारी निघताना माझी चार क्विक क्रेडिटं आणि दोन स्नॅक शिल्लक. दोनाची सँडविचेस बांधून विमानात नेली, स्नॅकच्या कुकीज घेतल्या, उरलेली दोन जेवणं बुडाली. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की विमानतळावर नवरा म्हणाला, अगं माणूस गेल्यासारखं काय करतेस.

हिशेबनीस
पावत्या?

केतकी_ह्यूस्टन
आहेत. जे खाल्लं ते मेनूच्या भावाने धरलं तर ढोबळमानाने नवरा ५००, मी ४००, धाकटी २२५. दुसऱ्या खोलीतल्या तिघांना सगळं मिळून सहाशेच्या आत, त्यातले अर्ध्याहून जास्त एकट्या मोठ्याचे.

हिशेबनीस
११२५ वजा १०९१.२५. फायदा ३३.७५. तुझे एकटीचे ७१ बुडाले, नवऱ्याने २९ कमावले, मुलीने ७७. आणि दुसऱ्या खोलीला प्लॅन न घेतल्याने आठशेच्या वर वाचले. रानफूलला पार्टी दे.

केतकी_ह्यूस्टन
ते ३३.७५ धाकटीच्या साबणाचे फुगे उडवायच्या मिकीच्या कांडीत गेले.

भाकरीप्रेमी
पण दाजी खूश हायत का नाही ते सांगा.

केतकी_ह्यूस्टन
खूप. पाच दिवस त्याने एकदाही पाकीट काढलं नाही असं तो सगळ्यांना सांगतोय. टिपा मी देत होते.

चकली
आम्ही नोव्हेंबरात चाललोय, चौघं, मुलं ४ आणि ८. वाचून असं वाटतंय की दोन्ही मुलं लहानच्या भावात बसतात तर घ्यावा. बरोबर ना?

सिएटलची_मावशी
घे. मिकीवाली जेवणं जास्त धर. आणि तुम्हा दोघांपैकी एकजण तरी खाणारा असू दे.

चकली
अजून एक भाबडा प्रश्न. प्लॅनमधला तो मग पार्कात भरून मिळतो का? आणि पुढच्या ट्रिपला तोच मग नेला तर?

रानफूल
दोन्हीला नाही. हॉटेलात भरता येतो. बुडाशी चिप असते, ती त्या मुक्कामापुरतीच चालू. नंतर नुसता प्लास्टिकचा पेला.

मि_पुणेकर
मग मगचं करायचं काय?

केतकी_ह्यूस्टन
आमचे तीनपैकी दोन सांगलीला जाणार. बाबा आत्ताच एकातून दाढीचं गरम पाणी घेतायत, म्हणतात झाकण आहे, निवत नाही.